बेगड आणि लोखंड

२०२४ सालच्या पवित्र शुक्रवारची संध्याकाळ होती. आमच्या देवळाच्या पटांगणात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा प्रयोग शेवटास आला होता. दोन-अडीचशे माणसे निःशब्द बसली होती. क्रुसाखाली माता उभी होती. रोमन शिपाई भाला उचलून पुढे झाला. इतक्यात मोठ्या दिव्याचा झोत त्याच्या चिलखतावर पडला, ते लखकन चमकले, त्याने पाऊल टाकताच करकर वाजले, आणि पहिल्या रांगेतले एक बालक मोठ्याने म्हणाले, "आई, बर्फी!"

मुलाचे काही चुकले नव्हते. वर्ख लावलेल्या बर्फीसारखेच ते चिलखत दिसत होते. आधी मुले हसली, मग मुलांना दटावणारी मोठी माणसे हसली, आणि ज्या क्षणासाठी चाळीस दिवस तालीम केली तो क्षण हशात वाहून गेला. भाला धरणारा तरुण गवंड्याच्या हाताखाली काम करणारा. दिवसभर उपवास करून तो उभा राहिला होता. प्रयोग संपल्यावर त्याने शिरस्त्राण काढून माझ्या हाती दिले आणि म्हटले, "फादर, पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी बघा." ज्या भगिनींनी पदरचे पैसे घालून तो चंदेरी कागद आणला होता व रात्री जागून पुठ्ठ्यावर चिकटवला होता, त्यांचेही चेहरे उतरले होते.

आपल्या भाषेत या चकचकीत कागदाला बेगड म्हणतात, आणि जे वरून झगमगते पण आतून खरे नसते त्याला बेगडी म्हणतात. पूर्वजांनी एकाच शब्दात वस्तूही सांगितली व दोषही सांगितला. त्या रात्री माझ्या मनात एवढाच प्रश्न होता: पुठ्ठ्याचे लोखंड करता येईल काय?

उत्तर मला इंदूरला मिळाले. त्याच वर्षी भाद्रपदात काही कामानिमित्त तेथे राहणे झाले. होळकरांच्या या जुन्या राजधानीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि चित्रकलेचे तर हे शहर माहेरघरच आहे. देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली येथे चित्रशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर असे चित्रकार त्यांच्या हाताखाली तयार झाले. चिंचाळकर गुरुजी तर वाळलेली पाने, काटक्या, मोडक्यातोडक्या टाकाऊ वस्तू यांतून चित्रे उभी करीत. टाकलेल्या वस्तूकडे नीट पाहिले तर ती स्वतःच काही सांगते, ही दृष्टी त्यांनी इंदूरला दिली. २००० साली ते गेले. पण ती दृष्टी शहरात राहिली आहे.

इंदूरची दुसरी परंपरा कापडगिरण्यांची आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी हुकुमचंद मिलच्या कामगारांपासून येथे अनंत चतुर्दशीच्या रात्री गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत झाँक्या काढण्याची प्रथा पडली. झाँकी म्हणजे चालता देखावा: गाडीवर पुराणातील वा इतिहासातील प्रसंग उभा केलेला, त्यात हलत्या मूर्ती, दिव्यांच्या माळा. मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी अशा गिरण्याही त्यात उतरल्या. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली, आणि तेथील कामगारांच्या थकलेल्या देण्याचा प्रश्न मार्गी लागण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. मध्ये बत्तीस वर्षे गेली. कित्येक कामगार वाट पाहतच निवर्तले. पण भोंगे थांबले तरी झाँक्या थांबल्या नाहीत. वर्गणी जमवून, उसनवारी करून त्या अजूनही निघतात.

अशाच एका झाँकीच्या मांडवात मी उभा होतो. साठी उलटलेले एक मराठी गृहस्थ, पूर्वी एका गिरणीत नोकरीस असलेले, राक्षसाची ढाल रंगवीत बसले होते. बाजूला देवाचा मुकुट सोन्यासारखा लखलखत होता. पण ढाल मात्र जणू आत्ताच शेतातून नांगरटीत वर आलेली, जुनी, जड, घाव सोसलेली. मी बोटाने टिचकी मारली तेव्हा पुठ्ठ्याचा आवाज आला आणि मी चकित झालो. मग मी त्यांना आमची बर्फीची कथा सांगितली. ते हसले नाहीत. भ्रमणध्वनीवरील आमच्या प्रयोगाचे छायाचित्र त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, "फादर, या शिपायानं ही ढाल रोज हातात धरली असेल ना? मग हात लागल्याची खूण कुठं आहे?"

वाचकहो, त्या एका प्रश्नात सारी विद्या आली. पुढील चार संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून जे शिकलो ते येथे क्रमाने देतो. ज्या ज्या गावी नाताळाचा गोठा, दुःखसहनाचा प्रयोग वा शाळेचे नाटक होते, तेथे ते उपयोगी पडावे.

पहिला धडा रंगाचा नव्हता, पाहण्याचा होता. काका म्हणाले, "आधी घरातलं लोखंड बघून या." आपल्या प्रत्येकाच्या घरी ही शाळा आहे. विळीचे पाते पाहा: धार पांढरी, धारेच्या मागे करडेपणा, आणि लाकडात बसवलेल्या मुळाशी काळा-तांबडा गंज. कोयत्याची मूठ हाताने गुळगुळीत झालेली असते. पितळी घंटेचा कड रोज पुसल्याने पिवळाधमक, पण नक्षीच्या खाचेत काळे. तांब्याच्या घागरीच्या गळ्याशी, जेथे ओल राहते, तेथे हिरवट जंगाल चढते. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते हे गृहिणीस सांगावे लागत नाही. तेच कळकणे भांड्याच्या अंगावर हिरवे होऊन उमटते. सारांश, धातूवरील कोणताही डाग उगाच पडत नाही. जेथे घासले जाते तेथे उजळ, जेथे हात पोचत नाही तेथे काळोख, जेथे पाणी थांबते तेथे गंज. हे तीन नियम ज्याला कळले त्याला अर्धे काम साधले.

आता कृती. ढाल किंवा चिलखताचा आकार जाड पुठ्ठ्यात कापून घ्यावा आणि त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवून दोन-तीन थर द्यावेत. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घातले म्हणजे कीड व उंदीर लागत नाहीत. मोरचूद विषारी आहे. तेव्हा हे काम मोठ्यांनी करावे, हात धुवावेत, आणि उरलेली खळ मुलांच्या वा गुरांच्या वाटेत टाकू नये. चिलखताचे खिळे दाखवायचे असतील तर हरभऱ्याच्या डाळीचे दाणे, सपाट बाजू खाली करून, सरसाने ओळीत चिकटवावेत. रंग चढल्यावर ती डाळ आहे हे कोणी ओळखत नाही. ठोक्यांच्या खुणा हव्या असतील तर थर ओला असतानाच पळीच्या पाठीने जागोजागी हलके दाबावे.

हे सारे कडकडीत वाळल्यावर सरसाच्या पाण्यात खडूची पूड कालवून दोन हात द्यावेत व काचकागदाने घासावे. या पायरीचा कंटाळा करू नये. कागदाचे तंतू जर वर दिसत राहिले तर पुढे कितीही रंग फासले तरी पाहणाऱ्याचा डोळा कागदच ओळखतो.

नंतर येतो तो पाया, आणि येथेच आम्ही चुकलो होतो. आम्ही चकाकीपासून आरंभ केला होता. करायचा असतो काळोखापासून. काळ्या रंगात थोडा गेरू मिसळून संपूर्ण वस्तू आधी काळपट तपकिरी करावी. हा रंग चकचकीत नसावा. वस्तू आता तव्यासारखी दिसेल. भिऊ नये.

त्यावर चांदी-रंग. बाजारातील चांदी-रंग म्हणजे ॲल्युमिनियमची बारीक भुकटी असते, आणि ॲल्युमिनियमचा पांढरेपणा लोखंडाच्या अंगी नसतो. म्हणून त्यात थोडा काळा मिसळावा. कडक केसांचा जुना कुंचला त्यात जेमतेम बुडवावा आणि मग फडक्यावर इतका पुसावा, की त्यात रंग उरलाच नाही असे वाटावे. असा कोरडा कुंचला वस्तूवरून हलक्या हाताने ओढला म्हणजे चांदी फक्त उंचवट्यांवर, कडांवर व खिळ्यांच्या माथ्यावर बसते. खोलगट भाग काळेच राहतात. हा हात तीन-चार वेळा, थोडा थोडा. काकांचे मोजमाप असे: "दहा आण्यांत आठ आणे अंधार, दोन आणे उजेड." सुटी भुकटी वापरणाऱ्याने नाकातोंडास फडके बांधावे आणि मेणबत्ती वा चूल जवळ असू देऊ नये, ही भुकटी हवेत उडाली तर पेट घेऊ शकते.

चांदी दोन दिवस वाळू द्यावी. मग काळा-तपकिरी रंग भरपूर पाण्यात पातळ करून, त्यात साबणाचा एखादा थेंब घालून, सर्वत्र लावावा आणि लगेच ओल्या फडक्याने उंच भाग पुसावेत. पातळ रंग खाचांत, खिळ्यांच्या बुडाशी व सांध्यांत जाऊन बसतो. नुसत्या पुसण्याने वस्तूस पन्नास वर्षांचे वय येते.

शेवटी गंज. गेरू व थोडी पिवडी घट्टसर कालवून काथ्याच्या झुबक्याने टिपावी, फासू नये. तीही खालच्या कडेला, खिळ्याखाली, चामडी पट्टा धातूस टेकतो तेथे. पितळी वस्तू असेल तर गेरूऐवजी फिकट हिरवा आणि तो नक्षीच्या खोबणीत. आणखी एक सोपी युक्ती: काळ्या पायावर शिसपेन्सिलीचे चूर्ण कापसाने चोळले असता तलवारीच्या पात्यास खऱ्या पोलादाची मंद, निळसर झाक येते. सर्वांवर स्पिरिटात विरघळवलेल्या चपडा लाखेचा एक पातळ हात दिला, की रंग घामाने व हाताळण्याने उतरत नाही. सध्या पुष्कळ जण थर्मोकोल व फवाऱ्याचा डबा वापरतात. त्यांनी ध्यानात ठेवावे, की फवाऱ्यातील द्रावक थर्मोकोलास खाऊन टाकतो. आधी त्यावर कागदाचा थर व खडू-सरसाचा हात दिलाच पाहिजे.

हे सर्व शिकून मी उत्साहाने एक ढाल रंगवली व तीवर मनसोक्त गंज चढवला. मला वाटले, जितका गंज तितकी जुनी वस्तू. काकांनी ती पाहिली आणि म्हणाले, "फादर, तुमचा शिपाई मेला की काय? ही ढाल तर विहिरीतून काढल्यासारखी आहे."

मी विचारात पडलो. सेमिनरीत शिकलेला इतिहास मला तेथे आठवला. रोमन शिपायाची शस्त्रे मळकी असली तर त्याला शिक्षा होई. तो ती घाशी, तेल लावी. म्हणजे त्याच्या लोखंडावर ओरखडे हवेत, घासल्याची झिलई हवी, घामाची काळी रेषा हवी. गंज मात्र सांध्यापुरता. पोंती पिलात हा इसवी सन २६ ते ३६ पर्यंत यहुदियाचा सुभेदार होता (कैसरिया येथे १९६१ साली सापडलेल्या शिलालेखात त्याचे नाव कोरलेले आहे). त्याच्या हाताखालील शिपाई बहुतांशी त्याच मुलखात भरती केलेले साहाय्यक सैन्याचे होते. चित्रांत दिसते तसे रुंद पट्ट्यांचे झगझगीत चिलखत त्यांच्या अंगी असण्याचा संभव थोडा. लोखंडी कड्यांचे जाळीदार चिलखतच अधिक संभवते. आणि ते करणे आपल्याला पट्ट्यांपेक्षा सोपे आहे. जाड सुतळी मोठ्या सुयांवर सैल विणावी, काळ्या रंगात बुडवून वाळवावी आणि वरून कोरडा चांदीचा हात फिरवावा. दहा पावलांवरून ती लोखंडी जाळीच दिसते, आणि चालताना करकरत नाही.

तेव्हा वापराने झिजणे वेगळे आणि हेळसांडीने गंजणे वेगळे. शेतकऱ्याच्या रोजच्या नांगराचा फाळ चकाकतो. अंगणात टाकून दिलेल्या नांगराचा तांबूस होतो. रंगवणाऱ्याने आधी ठरवावे: ही वस्तू कोणाची, तो तिची निगा राखी की नाही, आणि तिला हात कोठे लागे. क्रुसाचे खिळे गंजलेले शोभतात, कारण ते कोणी पुसत नाही. शताधिपतीची तलवार गंजलेली शोभत नाही.

मग चकाकी सर्वथा वर्ज्य काय? मुळीच नाही. झाँकीतील देवाचा मुकुट झळकलाच पाहिजे. आपल्या कोकणातील दशावतारात राजाचा मुकुट रात्रीच्या दिव्यात चमकतो. केरळातील आपल्या लॅटिन कॅथलिक बांधवांच्या चविट्टुनाटकात शार्लमेन राजा व त्याचे वीर झगमगत्या पोशाखात पाय आपटत येतात. तेथे सारा खेळच सोंगाचा, नृत्याचा, वैभवाचा असतो. चकाकी ही त्याची भाषा आहे. दुःखसहनाच्या प्रयोगातही हेरोद झगमगू द्यावा. तो राजा आहे, आणि त्याच्या झगमगाटापुढे प्रभूचे मौन अधिक खोल दिसते. परंतु जेथे प्रेक्षकाने विसरावे, की आपण खेळ पाहत आहो, तेथे बेगड चालत नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले. १९२० साली त्यांनी 'सैरंध्री' काढला, तेव्हा त्यातील कीचकवध इतका खरा वाटला, की काही स्त्रियांना भोवळ आली आणि ते दृश्य पुढे गाळावे लागले. रंगवलेल्या वस्तूची शक्ती एवढी असते.

जर्मनीतील ओबरआमरगाउ गावाने १६३३ साली प्लेगच्या साथीत नवस केला आणि १६३४ पासून ते दुःखसहनाचा प्रयोग करीत आले आहेत; हल्ली दर दहा वर्षांनी. २०२० चा प्रयोग महामारीमुळे २०२२ साली झाला. तेथे नट बाहेरून आणीत नाहीत. सुतार, शेतकरी, दुकानदार हेच नट. आपण त्यांच्याएवढा खर्च करू शकत नाही, पण पुठ्ठा, गेरू व खळ आपल्याकडेही आहे.

मी गावी परतलो. त्या तरुणास बोलावले आणि भूमिकेचा विषय काढलाच नाही. म्हटले, "अरे, मला चिलखत रंगवायचे आहे. लोखंडाची तुला माहिती, मला नाही." तो आपली जुनी थापी घेऊन आला. मधोमध पोलादाचे पाते घासून पांढरे झालेले, मुठीशी काळे, आणि सिमेंट अडकून राहते त्या खाचेत गंज. आठ दिवसांत तो माझ्याहून सरस रंगवू लागला. ज्या भगिनींचा चंदेरी कागद वाया गेला होता त्यांनी सुतळीची चिलखते विणली. यूदासाच्या तीस नाण्यांसाठी आम्ही लोखंड-सामानाच्या दुकानातून वायसर आणले, कारण पुठ्ठ्याची नाणी वाजत नाहीत. त्यांची भोके लांबीने बुजवली आणि त्याच लांबीचा एक मुखवटा उंच उठवला. सोर नगरीच्या ज्या नाण्यांनी त्या काळी मंदिराचा कर भरत असत, त्यांच्या एका बाजूस तेथील दैवताचे मुख व दुसरीवर गरुड असे. गालाचा उंचवटा उजळ, केसांच्या खाचा काळ्या. पुष्कळ हातांतून फिरून आलेला पैसा जसा दिसतो, तसाच तो दिसला.

प्रयोगाआधी दोन रात्री आम्ही पटांगणातील दिवे लावून शेवटच्या रांगेतून सर्व वस्तू पाहिल्या. ही काकांची ताकीद होती. हाताशी धरून जे ठळक, ओबडधोबड वाटते ते चाळीस हातांवरून योग्य दिसते, आणि जवळून जे नाजूक दिसते ते दूरवर पुसून जाते. दोन ढालींच्या खाचा आम्हाला पुन्हा काळ्या कराव्या लागल्या.

२०२५ च्या पवित्र शुक्रवारी, १८ एप्रिलला, भाला घेऊन कोण उभे राहणार हे मी विचारले नाही. तालमीच्या तिसऱ्या दिवशीच तो तरुण आपण होऊन आपल्या जागी जाऊन उभा राहिला होता. प्रयोगात तो पुढे झाला. दिवा त्याच्यावर पडला; काळपट लोखंडाने थोडासा उजेड घेतला व बाकीचा गिळून टाकला. भाल्याचे टोक तेवढे पांढरे दिसले, कारण धार तेथे होती. कोणी हसले नाही. पहिल्या रांगेतले एक मूल आईच्या कुशीत सरकले.

प्रयोगाची छायाचित्रे मी इंदूरला पाठवली. दुसऱ्या दिवशी काकांचा दूरध्वनी आला. प्रशंसा त्यांनी थोडीच केली. म्हणाले, "डाव्या बाजूच्या शिपायाची ढाल बघा. तो डावखुरा आहे, आणि झीज उजव्या हाताची काढली आहे." मी छायाचित्र पुन्हा पाहिले. त्यांचे खरे होते. यंदा ती ढाल पुन्हा रंगवायला घेतली आहे.